कडक सिस्टरची साठ वर्षं

मठाच्या तळमजल्यावर, धुलाईघराच्या टोकाला, इस्त्रीचं लांबलचक टेबल होतं आणि त्या टेबलामागे एक सिस्टर. वय एक्क्याऐंशी. तिला सगळ्या ‘कडक सिस्टर’ म्हणत. एक तर तिच्या हातची इस्त्री कडक. वेदीवरच्या कापडाची घडी अशी पडायची की बोट कापेल असं वाटावं. आणि दुसरं म्हणजे तिचा स्वभाव. ओल्या हातानं कुणी धुतल्या कपड्यांना शिवलं की ती नुसती भुवई वर करायची, आणि समोरचीचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

जूनमधल्या एका सकाळी ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्वयंपाकीण सिस्टरला म्हणायला गेली, ‘चहात साखर टाकायची राहिली.’ तोंडातून निघालं, “मंगळवार.”

“आज शुक्रवार आहे, सिस्टर,” स्वयंपाकीण सिस्टर म्हणाली.

कडक सिस्टरनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मंगळवारच. मग तिच्या हातातला कप कलला, आणि पुढची धावपळ तिला नीटशी आठवत नाही. दवाखान्यात कळलं की मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. पाय आठवड्यात ताळ्यावर आला, उजवा हात दोन महिन्यांत. शब्द मात्र गेले ते गेले. म्हणजे आत होते. सगळे जागच्या जागी, कपाटात रचलेल्या चादरींसारखे. फक्त कपाटाचं दार उघडत नव्हतं. कुणी पाण्याचा पेला दाखवून विचारलं, हे काय, तर तिला ठाऊक असायचं. आणि ओठांवर मंगळवार तरी यायचा, नाहीतर नुसता वारा.

अशा सहा महिन्यांनंतर आगमनकाळ सुरू झाला. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. यातल्या चौथ्या रविवारी कडक सिस्टरच्या व्रतांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. एकविसाव्या वर्षी याच प्रार्थनाघरात गुडघे टेकून तिनं आजन्म देवाची राहण्याचं वचन दिलं होतं. आता सगळ्यांसमोर, हातात पेटती मेणबत्ती घेऊन, तेच वचन पुन्हा म्हणायचं.

मदर, म्हणजे मठाची प्रमुख, कडक सिस्टरपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि मनानं फार मऊ. पहिल्या रविवारी ती तिच्या खोलीत येऊन बसली.

“सिस्टर, तुम्ही काळजी करू नका हं. तुम्ही फक्त उभ्या राहा. वचन तुमच्या वतीनं मी वाचेन.”

 हे तर देवाशी माझं लग्न, आणि होकार दुसरीनं द्यायचा? कडक सिस्टरनं जोरजोरात नकाराची मान हलवली. मदरला वाटलं, बाई गहिवरल्या. तिनं प्रेमानं हात थोपटला आणि गेली.

सोमवारी धुलाईघरात कपड्यांचा डोंगर उभा होता. नाताळासाठी वेदीवरची कापडं, फादरांचे पांढरे झगे, गाणाऱ्यांचे झगे. डॉक्टरांनी गरम इस्त्री हातात घ्यायला मनाई केली होती. पण मंगळवारी मदरनं नव्यानं लागलेल्या सिस्टरनं केलेली एक इस्त्री पाहिली, उसासा टाकला आणि डॉक्टरांना फोन केला. “जपून,” ते म्हणाले. एवढं पुरे होतं.

त्याच सकाळी थेरपीताई आली. ही दवाखान्यातली बोलणं शिकवणारी मुलगी. तिशीची, भरभर चालणारी, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. जुलैपासून ती कडक सिस्टरला चित्रं दाखवत होती. कुत्रा, किल्ली, कप. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, “देवाबिवाचं मला काही कळत नाही, सिस्टर. पण जिभेचं कळतं.” कडक सिस्टरला तिचा हा रोखठोकपणा आवडला होता. आज खोलीत कुणी दिसेना म्हणून थेरपीताई जिना उतरून खाली आली आणि दारातच थबकली.

आतून स्पष्ट, ठणठणीत आवाज येत होता.

“हे देवा, मी तुझ्यापुढे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं आजन्म घेते. माझे हात तुझे, माझी वाट तुझी. आज तुझी, उद्या तुझी, शेवटच्या श्वासापर्यंत तुझी. आमेन.”

कडक सिस्टरनं वाफाळती इस्त्री कापडावरून एका दमात टोकापर्यंत नेली होती. साठ वर्षं रोज सकाळी पहिल्या कापडावर पहिली इस्त्री फिरवताना ती हेच म्हणायची. आजही इस्त्री हातात आली आणि शब्द आले, जसा मागोमाग वाफेचा वास आला तसे. आपण बोललो हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

“सिस्टर!” थेरपीताई किंचाळली. पिशवी खाली पडली, कुत्रा, किल्ली, कप फरशीभर पसरले. “तुम्ही बोललात! सलग! एकही शब्द चुकला नाही!”

कडक सिस्टरनं तोंड उघडलं. ‘खरंच?’ असं म्हणायचं होतं.

“मंगळवार,” ती म्हणाली.

“आज आहेच मंगळवार!” थेरपीताई हसत सुटली आणि कडक सिस्टरही हसली. मग तासभर नुसती धमाल. थेरपीताईनं प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’सकट अख्खी आली. एक ते वीस आकडे आले. वारांची नावं आली. इतके दिवस प्रार्थनाघरात वीस बायांच्या आवाजात हिचा आवाज मिसळून जायचा, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग थेरपीताईनं विचारलं, “सिस्टर, नाश्ता झाला?” आणि कडक सिस्टरनं जीव एकवटून उत्तर दिलं, “आमची रोजची भाकर,” तेव्हा जिन्यात उभी राहून ऐकणारी स्वयंपाकीण सिस्टर पदराआड नव्हे, चक्क मोठ्यानं खिदळली.

म्हणजे वचन म्हणता येणार! मीच म्हणणार! कडक सिस्टरचे पाय जमिनीला लागेनात.

पण दुपारी व्हरांड्यात थेरपीताई मदरला समजावत होती, आणि खिडकी उघडी होती.

“फार आशेवर राहू नका, मदर. हे पाठांतरातलं बोलणं आहे. मेंदूचा वेगळा भाग ते करतो. आकडे, शिव्या, प्रार्थना, सगळं आपोआप बाहेर पडतं. तोंडाला सवय असते एवढंच. त्यामागे विचार असेलच असं नाही.”

खिडकीच्या आत रुमालांच्या घड्या घालणाऱ्या कडक सिस्टरनं सगळं ऐकलं. तोंडाची सवय. साठ वर्षं, म्हणजे वीस हजारांहून जास्त सकाळी. आणि ही पोरगी म्हणते, पोपटपंची.

तिला थेरपीताईचा राग आला. पण खरा राग तिच्या मनातल्या भीतीचा होता. कारण एक जुनी गोष्ट फक्त तिला आणि देवाला ठाऊक होती.

ती बेचाळीस वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाची बायको वारली. भाऊ दोन लहान मुलींचे हात धरून मठाच्या दारात आला. “ताई, चल घरी. देवाकडे माणसं पुष्कळ आहेत. मला तू एकटीच आहेस.” तीन दिवस तिनं विचार केला. मदरनं, त्या वेळच्या मदरनं, सांगितलं होतं की जायचं तर जा, कुणी अडवणार नाही. ती गेली नाही. का गेली नाही हे तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वचन दिलं होतं, एवढंच. भाऊ चार वर्षं तिच्याशी बोलला नाही. मुलींचे शाळेचे गणवेश मात्र ती दर आठवड्याला मागवून घ्यायची, धुऊन, इस्त्री करून परत पाठवायची. भाऊ बोलत नव्हता, पण गणवेश पाठवायला विसरत नव्हता.

आणि त्या चार वर्षांत देवही तिच्याशी बोलला नाही. निदान तिला ऐकू आलं नाही. रोज सकाळी इस्त्री टेकायची, वचन म्हणायचं, आणि आत सगळं कोरडं ठाक. आमेन म्हणायची आणि मनात म्हणायची, कुणाला सांगतेय मी हे? ती खरंच नुसती तोंडाची सवय होती. पोरगी म्हणते ते खोटं नव्हतं.

दोन दिवस कडक सिस्टरनं प्रार्थनाघरात ओठ हलवले नाहीत. इस्त्रीही मुकाट्यानं केली. मग गुरुवारी दुपारी, फादरांच्या झग्याच्या चुण्या बसवत असताना, तिला त्या गोष्टीचा शेवट आठवला. एका सकाळी, कुठल्या ते तिला सांगता येणार नाही, वचन संपता संपता तिला जाणवलं होतं की आपण हे मनापासून म्हणतोय. काही चमत्कार झाला नव्हता. भाऊसुद्धा पुढे दोन महिन्यांनी आला, नाताळच्या मिस्साच्या प्रार्थनेला, मुलींना घेऊन, काही न बोलता शेजारी बसला. मन आपलं आपण परत आलं होतं. आणि परत आलं तेव्हा त्याला बसायला जागा होती, कारण तोंडानं ती रोज झाडून पुसून ठेवली होती.

हे त्या पोरीला सांगितलं पाहिजे! पण सांगणार कसं? तिच्याजवळ वारांची नावं होती, वीस आकडे होते आणि आमेन.

शुक्रवारी थेरपीताई आली ती बोलतच आली. नवी चित्रं, नवी पद्धत, बस कशी चुकली. बोलता बोलता तिनं टेबलावर हात टेकला, आणि हाताच्या वीतभर पलीकडे उभी ठेवलेली इस्त्री धक्क्यानं कलली.

“गरम!”

थेरपीताईनं हात झटक्यात मागे घेतला. इस्त्री धाडकन आडवी झाली. 

“काय म्हणालात?”

“गरम,” कडक सिस्टर म्हणाली. शब्द तोंडात गूळ असल्यासारखा तिनं घोळवला. “गरम. गरम. गरम!”

“हा पाठांतरातला नाही!” थेरपीताईचा चष्मा पार ओठांपर्यंत आला. “सिस्टर, हा तुमचा स्वतःचा आहे! वेळेवर, योग्य जागी, ताजा!” तिनं कडक सिस्टरला मिठी मारली, स्वयंपाकीण सिस्टर डाव घेऊन धावत आली, आणि धुलाईघरात तीन बायांनी एवढा गलका केला की मदर वरून धावत खाली आली, तिला वाटलं, आग लागली.

त्या दिवसापासून कामाला जोर चढला. थेरपीताईची नवी पद्धत अशी की शब्द ठेक्यात बसवायचा. कडक सिस्टर इस्त्री लांबवर न्यायची, परत आणायची, आणि त्या झोक्यावर एकेक शब्द सोडायची. दुसऱ्या रविवारी तिच्याजवळ पाच शब्द होते: गरम, नाही, पाणी, खळ आणि वेडी. ‘वेडी’ थेरपीताईसाठी होता. तिसऱ्या रविवारी, आगमनकाळातली तिसरी, गुलाबी मेणबत्ती पेटली तेव्हा, शब्द चौदा झाले होते. जेवणाच्या टेबलावर रोज नव्या शब्दाची वाट बघणं सुरू झालं. कुणी म्हणे, आज ‘मीठ’ येणार. कुणी म्हणे, नाही, आज माझं नाव. कडक सिस्टर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी सकाळी चारदा इस्त्री गरम आहे का बघायची, आणि रात्री लवकर झोप येईना म्हणून उशीला शब्द ऐकवायची.

तिसऱ्या आठवड्यात फादर धुलाईघरात आले. नवे, तरुण, कार्यक्रमाचा कागद हातात. मदर म्हणाली, “वचन सिस्टर स्वतः म्हणतील. फक्त त्याआधीचा प्रश्न गाळू या. उत्तर पाठ नाहीये ना त्यांना.”

प्रश्न म्हणजे असा: वचन घ्यायच्या आधी फादर सगळ्यांसमोर विचारतात, ‘बहिणी, तू देवाकडे काय मागतेस?’ पुस्तकात त्याचं चार ओळींचं उत्तर असतं. साठ वर्षांपूर्वी तिनं ते एकदाच म्हटलं होतं. तिच्याकडचे चौदा शब्द त्याला पुरणारे नव्हते.

“नाही,” कडक सिस्टर म्हणाली.

“बघा, त्याही नाही म्हणतायत,” फादर सुटका झाल्यासारखे म्हणाले.

“नाही! प्रश्न. पाहिजे.”

तीन शब्द एका रांगेत! मदरनं तोंडावर हात ठेवला. फादर गोंधळले. “पण सिस्टर, मी विचारलं आणि तुम्हाला उत्तर आलंच नाही, तर मी काय करू?”

कडक सिस्टरनं इस्त्री उभी ठेवली, श्वास घेतला, आणि एकेक शब्द जिना चढल्यासारखा काढला. “वाट. बघा.”

फादरांनी कागदावर प्रश्न परत लिहिला.

थेरपीताई आणि ती, दोघींनी मिळून उत्तर ठरवलं: ‘मला इथंच राहायचंय.’ तीन शब्द, झोक्यात बसणारे. चार दिवस तेच. दहात सात वेळा जमायचं. गुरुवारी सराव संपल्यावर थेरपीताई चित्रं गोळा करत म्हणाली, “बाकी वचनाची चिंताच नाही. ते आपोआप येतं.”

कडक सिस्टरनं तिचा हात धरला. चांगला घट्ट.

“मन,” ती म्हणाली.  थेरपीताई शहाणी, चित्रं खाली ठेवून थांबली. कडक सिस्टरच्या कपाळावरची शीर उडत होती. “मन... गेलं.”

“कुणाचं, सिस्टर?”

तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली. मग ओठांवर बोट ठेवलं. “तोंड... राहिलं.” आणि पुन्हा छातीवर हात, या वेळी अख्खा तळवा. “मन... आलं.”

थेरपीताईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिला चार वर्षांची हकीगत ठाऊक नव्हती; तरी काय सांगितलं जातंय ते तिला कळलं, आणि तिचा चेहरा लाल झाला.

“मी व्हरांड्यात बोलले ते तुम्ही ऐकलंत,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं.”

“वेडी,” कडक सिस्टर म्हणाली आणि तिच्या गालावर टिचकी मारली.

चौथा रविवार उजाडला. प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. पहिल्या बाकावर धाकटा भाऊ, आता शहात्तर वर्षांचा, टक्कल चमकवत. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या मुली, त्यांचीसुद्धा मुलं मोठी झालेली. शेवटच्या बाकावर थेरपीताई, कधी उठायचं आणि कधी बसायचं ते शेजारणीकडे बघून ठरवत. कडक सिस्टरनं आपला पोशाख स्वतः, पहाटे उठून, दोनदा इस्त्री केला होता. हातात पेटती मेणबत्ती.

फादर पुढे आले. “बहिणी, तू देवाकडे काय मागतेस?”

तिनं तोंड उघडलं. ‘मला.’ कुठे गेला ‘मला’? काल होता. तिनं हातानं झोका घ्यायला पाहिलं, पण हातात इस्त्री नव्हती, मेणबत्ती होती. कपाटाचं दार बंद. मदर अर्धवट उठली. स्वयंपाकीण सिस्टर दुरून ओठांनीच ‘मला, मला’ करत होती. मंगळवार दारापर्यंत आला. कडक सिस्टरनं दात आवळून त्याला परत पाठवला. फादर कबूल केल्याप्रमाणे वाट बघत राहिले. खरंच बघत राहिले, बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला तरी हलले नाहीत.

आणि मग तिनं पाठ केलेलं उत्तर शोधणं सोडून दिलं. समोर पाहिलं. काय मागायचं होतं तिला?

“अजून,” ती म्हणाली.

मोठ्यानं, ठणठणीत. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. लगेच पहिल्या बाकावरून भावाचा भसाडा आवाज आला, “अशीच आहे ही! जेवायला बसलं की ताट संपायच्या आधी हेच!” सगळं प्रार्थनाघर हसलं, फादरसुद्धा, आणि भाऊ मात्र हसता हसता रुमालात तोंड खुपसून रडायला लागला.

त्यानंतर वचन असं आलं जसा नळ सोडावा. माझे हात तुझे, माझी वाट तुझी. एकही शब्द अडला नाही. शेवटच्या श्वासापर्यंत म्हणताना ती थोडी थांबली, अडली म्हणून नव्हे, चव घ्यायला. आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं. शेवटच्या बाकावरूनही एक अंमळ उशिरा आलं.

बाहेर अंगणात गर्दीतून वाट काढत थेरपीताई तिच्यापाशी पोचली. “सिस्टर, ‘अजून’ म्हणजे कुठलं? ‘अजूनही मी इथंच आहे’ ते, की ‘अजून हवं’ ते?”

कडक सिस्टरनं जरा विचार केला.

“दोन्ही.”

थेरपीताईनं तिथल्या तिथे वही काढून तो लिहून घेतला, पंचविसावा की सव्विसावा ते तिला गडबडीत आठवेना. मग भाच्यांनी आत्याला वेढलं, भाऊ सगळ्यांना ताटाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, आणि मदरनं जेवायला हाका मारल्या. कडक सिस्टर मनसोक्त जेवली. मग हळूच उठली आणि जिना उतरून खाली गेली. नाताळ बुधवारी होता, आणि गाणाऱ्यांचे नऊ झगे अजून तसेच चुरगळलेले पडले होते.